पाकिटावरची श्रीमती

चौदाव्या वर्षी मी माझ्या वडिलांना मारलं. निबंधात मारलं, पण मारलं. पेन मामाचं होतं, शाई शाळेची होती, अक्कल मात्र कोणाचीच नव्हती.

हे आता लिहायचं कारण माझी नात. तिला शाळेत ‘माझे पणजोबा’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय. परवा तिनं मला तिचं भाषण वाचून दाखवलं. त्यात माझे वडील आगीच्या लोळातून विमान बाहेर काढतात, तेही एका हातानं. दुसऱ्या हातानं काय करतात ते लिहिलं नव्हतं. बहुतेक सलाम करत असावेत. मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" तर म्हणे, "असंच असतं, आजी." खोटं बोलण्याची ही तऱ्हा माझ्या ओळखीची आहे. तिनं ती माझ्याकडूनच उचलली असणार. म्हणून खरं काय ते एकदा लिहून ठेवते, मग तिला काय ओरडायचं ते ओरडू दे.

माझे वडील लढाईत बाँब टाकणारं विमान चालवायचे, ही गोष्ट खरी आहे. अमरावतीला कॉलेजात शिकत असताना त्यांनी हवाई दलात नाव दिलं, डोळे चांगले निघाले म्हणून घेतले गेले, आणि ब्रह्मदेशावर विमान उडवून, लढाई संपल्यावर, बुलढाण्याकडे, धाड गावाजवळच्या आमच्या गावात परत येऊन त्यांनी मिरची लावली. त्या लढाईबद्दल ते घरात तीनच गोष्टी बोलायचे. वर फार थंडी असते. विमानाचा आवाज खाली उतरल्यावरही दोन दिवस कानात राहतो. आणि नदी वरून पाहिली की गोगलगाय चालून गेल्यासारखी दिसते. चौथी गोष्ट विचारली की ते उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे. आमचे बैल त्या काळात गरजेपेक्षा फार पाणी प्यायले.

गावात त्यांना बंबवाला म्हणत. आमच्याकडे बाँब हा शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब मात्र सगळ्यांना ठाऊक होता. तेव्हा हा माणूस विमानातून बंब टाकत होता, असं गावानं ठरवून टाकलं. एका म्हातारीनं तर माझ्या देखत त्यांना विचारलं होतं, "मंग खालच्याईनं ते बंब वापरले असतीन ना रे बापू? तांबं हाय, वाया कायले जाईन?" वडील म्हणाले, "हाव, वापरले असतीन." झालं. युद्धाचा इतिहास संपला.

त्यात त्यांची एक खोड होती. बैलगाडीत बसायच्या आधी ते गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. चाकाच्या खिळीला हात लावायचे, जू हलवून बघायचे, बैलांच्या गळ्यातला पट्टा ओढून बघायचे, खाली वाकून कण्याकडे नजर टाकायचे आणि मगच चढायचे. शेत दोन हाकांवर असलं तरी फेरी चुकायची नाही. पारावरची रिकामटेकडी मंडळी ओरडायची, "बंबवाल्याची परदक्षिणा झाली का बे? मंग निंगू द्या गाडी." मी गाडीत बसलेली असायची आणि ओढणीत तोंड लपवायची. मला वाटायचं, बाकीच्यांचे बाप कसे टुणकन उडी मारून बसतात.

आठवीसाठी मला बुलढाण्याला मामाकडे ठेवलं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि मलाही नवं राज्य मिळाल्यासारखं झालं होतं. पहिल्या महिन्यात मी ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणायला शिकले. दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या मुलींच्या ‘मले’ला हसायला शिकले. तिसऱ्या महिन्यात वडील मला भेटायला आले. धोतर, डोक्याला फडकं, खांद्यावर मिरच्यांचं पोतं. शाळेच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी मला हाक मारली, तीही पूर्ण नावानं. मी आधी त्यांना ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं होतं.

माझ्या बाकावर एका वकिलाची मुलगी बसायची. दोन वेण्या, रिबिनी, आणि सगळ्यांचे वडील काय करतात याची यादी पाठ. तिनं विचारलं, "तो कोण गं?"

"माझे बाबा. ते लढाईत विमान चालवायचे. बाँबचं."

ती इतकी हसली की तिची रिबीन सुटली. "आणि आता विमान कुठे लावलंय? मिरचीत?"

त्या दिवशी मला एक शोध लागला. धोतर नेसून मिरची विकणारा जिवंत वैमानिक कोणालाच पटत नाही. मेलेला असता तर लगेच पटला असता.

तेव्हा चीनची लढाई नुकतीच थांबली होती. शाळेत रोज प्रार्थनेनंतर देशासाठी काहीतरी होत असे. एक दिवस हेडमास्तरांनी ‘माझ्या घरातील वीर’ असा निबंध घातला. हेडमास्तर पुण्याकडचे. आमच्या मुलखात येऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, आणि आठही वर्षं ते आमचं बोलणं ऐकताना दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. मी निबंध लिहिला. अजून मला तो पाठ आहे आणि आठवला की पाय थंड पडतात. ‘माझे पूज्य पिताजी ब्रह्मदेशाच्या आकाशात शत्रूवर अग्निवर्षाव करत असता धारातीर्थी पडले. त्यांच्या मुखी अखेरचा शब्द होता, भारतमाता.’ खाली मी अश्रूही काढला होता. शाईचा एक थेंब पाडून त्याला बोटानं शेपूट दिली.

आता जरा बोटांवर मोजा. ती लढाई संपल्यावर तीन वर्षांनी मी जन्मले. मेलेल्या माणसाला तीन वर्षांनी मुलगी होते आणि शाळेतल्या एकाही मास्तराला काही खटकत नाही, त्यात गणिताचे दोन मास्तर होते. देशप्रेमाची त्या वर्षी अशी काही हवा होती की बेरीज करणारा माणूस देशद्रोही ठरला असता.

निबंध प्रार्थनेला वाचला गेला. वकिलाची मुलगी रडली. मी तिला माझा रुमाल दिला. ही कार्टी म्हणजे मी, हे लिहायला आजही जड जातं. कोणी मला त्या वेळी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर पुढचं टळलं असतं. पण सगळे माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते.

मग हेडमास्तरांनी जाहीर केलं की सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, या वीराच्या पत्नीचा शाळेतर्फे सत्कार होईल.

मी म्हटलं, "सर, आई आजारी असते."

"मग मी स्वतः पत्र घालतो," ते म्हणाले.

त्यांनी पत्र घातलं. पत्रात काय होतं ते सोडा, पाकिटानंच घात केला. आमच्याकडे तेव्हा नवरा असलेल्या बाईला पत्रावर ‘सौ.’ लिहीत आणि नवरा गेलेल्या बाईला ‘श्रीमती’. कुंकू जसं कपाळावर दिसतं तसं ते पाकिटावर दिसायचं. पोस्टमन धाडहून सायकलवर यायचा आणि पारावर बसून पत्ते मोठ्यानं वाचायचा, कारण निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्याला उठायचा कंटाळा. हे सगळं मला मायनं पुढे सांगितलं. पोस्टमननं माझ्या मायचं नाव वाचलं, थांबला, आणि म्हणाला, "बंबवालीले श्रीमती काऊन लिवलं बे यायनं?"

माझे वडील तिथंच बसले होते, मिरचीचं बी निवडत.

"आण इकडं," ते म्हणाले. पाकीट फोडून त्यांनी स्वतःच्या मरणाची बातमी दोनदा वाचली. मग घरी येऊन मायला वाचून दाखवली. माय चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "आपण जाऊ. बोलावलं हाय तं जाऊ."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आपली रोज नवस बोलत होते, पत्र गहाळ होऊ दे. मामा-मामीला मी कशाचा पत्ता लागू दिला नव्हता. सव्वीस तारखेला सकाळी पोट दुखायला लावलं, तर मामीनं ओव्याचं पाणी पाजून शाळेत पिटाळलं.

मंडपात शाळा, गावातली प्रतिष्ठित मंडळी आणि पाहुणे म्हणून एक पुढारी. त्याची टोपी इतकी कडक होती की मान हलली तरी ती हलत नव्हती. तो बोलायला उठला. त्यानं माझ्या वडिलांना चिनी लोकांशी लढवलं, हिमालयात मारलं आणि त्यांच्या रक्तानं बर्फ लाल केला. ब्रह्मदेशाचा ब सुद्धा नाही. मी लिहिलेलं खोटं त्याच्यापुढे फार टापटीप होतं, एवढं मला तेव्हाही जाणवलं.

तेवढ्यात मी तिसऱ्या रांगेत वडिलांना पाहिलं. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं फडकं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते त्या पुढाऱ्याचं भाषण ऐकत होते, अगदी लक्ष देऊन, दुसऱ्या कोणाच्या तेराव्याला आल्यासारखे.

हिशेब सोपा होता. ते उठून बोलले तर भर मंडपात मी खोटी. नाही बोलले तर माझी माय विधवा. आणि खरं सांगते, त्या घटकेला मी देवाला म्हटलं, ते न बोलू देत.

हेडमास्तरांनी मायचं नाव पुकारलं. बायकांच्या घोळक्यातून माय उठली आणि स्टेजवर चढली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मंगळसूत्र पदराच्या वर काढलेलं. नाकात नथ, जी ती लग्नालासुद्धा घालायची नाही, टोचते म्हणून. मंडपभर कुजबुज सुरू झाली. टेबलावर नारळ होता आणि घडी घातलेलं पांढरं लुगडं होतं.

हेडमास्तर तिच्या कानाशी वाकले, पण समोर लाउडस्पीकर होता. सगळ्यांनी ऐकलं. "बाई, ते कुंकू जरा..."

मायनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती मुलींच्या रांगेकडे वळली आणि मला शोधून काढलं.

"पुसू का, बाई?" तिनं मला विचारलं.

मी खाली बघितलं. माझ्या बुटाची लेस सुटली होती ती दिसली.

"एकदा पुसलंय म्या," माय म्हणाली. "चाळीस दिस. तू सांगशीन तं पुन्हा पुसतो."

तेव्हा वडील उठले. ते स्टेजवर गेले नाहीत, जागेवरूनच बोलले. आवाज मोठा नव्हता, पण मंडपात दुसरा आवाजच नव्हता.

"गुर्जी, तो मेलेला माणूस मी हाओ. पोरीनं खोटं नाही लिवलं. मी एकदा मेलो होतो."

आणि मग त्यांनी, जे मला चौदा वर्षांत कधी कळलं नव्हतं, ते शंभर अनोळखी माणसांना सांगितलं. त्यांचं विमान दोन माणसांचं असायचं. पुढे चालवणारा, मागे बंदुकीवर बसणारा. उडायच्या आधी विमानाभोवती फेरी मारायची, प्रत्येक खिळ्याला हात लावायचा, असा नेम होता. एक दिवस सकाळी त्यांना उशीर झाला. मागे बसणारा म्हणाला, साहब, मैंने देख लिया, चलिए. हे फेरी न मारता चढले. तासाभरात तेल गळून इंजिन बंद पडलं आणि विमान जंगलात उतरलं, म्हणजे पडलं. हे जगले, तो गेला. यांना तिथल्या लोकांनी झोपडीत ठेवलं. इकडे गावात तार आली, बेपत्ता. गावानं थोडी वाट पाहिली, मग दर्भाचा माणूस करून जाळला, दहावा घातला, चुलत्यानं डोकं भादरलं, सोळा वर्षांच्या माझ्या मायच्या बांगड्या फोडल्या. आणि चाळीसाव्या दिवशी हे एस्टी नसलेल्या गावात पायी चालत आले.

"माह्या मायनं मले दारातून आत घेतलं नाही," वडील म्हणाले. "ब्राह्मणानं सांगितलं, मेलेला माणूस हाय, पुन्हा जलम द्या लागते. मंग गोधडीची झोळी बांधली, मले त्यात निजवलं. पाय बाहेर लोंबून राह्यले होते. आत्यानं कानात कुर्रर्र केलं, नवं नाव ठेवलं. मंग याच बाईसंगं पुन्हा लगन लावलं. तवा गुर्जी, तुमचं पत्र थोडं उशिरा आलं."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"सत्कार करायचाच असंन," वडील म्हणाले, "तं मागं बसणाऱ्याच्या बायकोचा करा. माह्याकडं पत्ता हाय." आणि ते खाली बसले.

गावात याबद्दल कोणी कधी बोलत नव्हतं. जिवंत माणसाच्या मरणाचा उच्चार अशुभ, म्हणून अख्ख्या गावानं तोंड शिवलं होतं. गावाला बंबाबद्दल वाट्टेल ते बोलता आलं, कारण त्याखाली हे झाकलं जायचं. त्या रिकामटेकड्यांना इतकं कळत होतं. मला नव्हतं.

पुढाऱ्याला मोटार गाठायची होती. हेडमास्तरांनी घसा खाकरून ‘थोडीशी कारकुनी चूक’ असा शब्द वापरला आणि कवायत सुरू केली. नारळ आणि लुगडं मायच्या हातात कोंबलं, कारण त्याची पावती फाडून झाली होती. वकिलाच्या मुलीनं मला कोपरानं ढोसलं. "म्हणजे तुझे बाबा खरंच मेले होते?" तिचा चेहरा हेव्यानं पिवळा पडला होता. मी, ही निर्लज्ज, मान डोलावून म्हणाले, "हो." मला जिंकल्यासारखं वाटत होतं. एस्टी स्टँडपर्यंत वाटत होतं.

स्टँडवर माय माझ्याशी बोलली नाही. तिनं ते पांढरं लुगडं बाकड्यावर लांब ठेवलं होतं, विंचू असल्यासारखं. वडील बसभोवती फेरी मारून आले. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघून हसला. पहिल्यांदाच मला त्या ड्रायव्हरचा राग आला.

"बाबा," मी म्हटलं, "मी चुकली."

"हाव," ते म्हणाले. त्यांनी नाही म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. मग ते लुगड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे त्याच्या घरी पाठवायचं. मले आजवर चिठ्ठी लिवता आली नाही. बसलो का हात चालत नाही. तू लिव. मेल्या माणसाबद्दल तुले छान लिवता येते."

इतकं जहाल मला आयुष्यात कोणी बोललं नाही, आणि ते आवाज न चढवता.

मी चार दिवसांसाठी त्यांच्याबरोबर गावी गेले आणि ती चिठ्ठी अकरा वेळा लिहिली, मोडक्या हिंदीत. पहिल्या दहांत धारातीर्थ होतं, भारतमाता होती. वडील वाचायचे आणि परत द्यायचे. अकराव्या वेळी मी लिहिलं की त्या दिवशी माझ्या बाबांनी फेरी मारली नाही, तुमचा माणूस ‘देख लिया’ म्हणाला, आणि बाबांनी त्याचं ऐकलं. वडिलांनी ती घडी करून पाकिटात घातली. पत्ता त्यांनी स्वतः लिहिला. पंजाबातलं कुठलंसं खेडं होतं. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी तो कागद अठरा वर्षं पडून होता.

उत्तर उन्हाळ्यात आलं. मी सुट्टीत घरीच होते. पोस्टमन पारावर बसला, मायच्या नावाचं पाकीट वर धरलं, आणि त्याचा चेहरा पडला. तो मोठ्यानं वाचेना. उठून आमच्या घरी आला, हा चमत्कारच होता, आणि वडिलांच्या हातात देऊन पुटपुटला, "पुन्हा श्रीमती हाय, बापू."

माय लाटणं घेऊनच बाहेर आली.

पत्र तिथल्या मास्तरानं लिहून दिलं होतं. त्या बाईनं कळवलं होतं की लुगडं मिळालं. तिच्या सासरच्यांनी तिचं लग्न दिराशी लावून दिलं, चार मुलं आहेत. पांढरं ती नेसत नाही, तेव्हा त्यातून थोरल्याच्या दोन पगड्या झाल्या. मग एक ओळ होती. तो असाच होता, घरीसुद्धा न बघताच ‘देख लिया’ म्हणायचा, भाईसाहबांनी मनाला लावून घेऊ नये.

वडिलांनी ती ओळ परत वाचली. मग त्यांना हसू आलं. लढाईच्या नावानं हसताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता ते पडवीच्या खांबाला टेकले आणि फडक्यानं तोंड झाकून तसेच राहिले.

माय वाट बघत उभी होती. "हे सगळं ठीक हाय," ती म्हणाली, "पण त्या बाईनं मले श्रीमती काऊन केलं?"

"अवं, हिंदीत नवरा असलेल्या बाईलेच श्रीमती म्हणतेत," वडील फडक्याआडून म्हणाले. "सौ. अन् श्रीमती एकच."

मायनं माझ्याकडे पाहिलं. स्टँडवरच्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. "खरं का वो?"

"हो, माय," मी म्हटलं.

"तुले नाही इचारलं," ती म्हणाली. "तू तं काईबी लिवशीन." आणि पाकीट घेऊन ती पोस्टमनच्या मागे पारावर गेली, सगळ्यांसमोर समजावून सांगायला.